नाक सोडा, मी भुयार बोलतोय

मी भुयारी मार्ग बोलतोय. नाक धरलं असेल तर सोडा. छापलेल्या शब्दांना वास येत नाही, तेवढी एक सोय आहे.

तुम्ही मला पाहिलेलं असणार. रुंद रस्ता, त्यावर गाड्यांची रीघ, आणि फूटपाथच्या कडेला जमिनीत उतरत जाणाऱ्या पायऱ्या. वर एक पाटी, पाटीवर चालणाऱ्या माणसाचं चित्र. चित्रातला माणूस ताठ मानेनं चालतो. खरी माणसं माझ्यातून तशी कधीच गेली नाहीत.

गेल्या आठवड्यात एका बाईला माझ्यापायी रात्रभर झोप लागली नाही. हे तिनंच सांगितलं. मला नव्हे, तिच्या आईला, माझ्या वरच्या पायरीवर उभं राहून फोनवर. माझ्या तोंडाशी बोललेलं सगळं आत घुमतं, पण भुयाराला कान असतात हे माणसांच्या डोक्यातच येत नाही.

"आई, मी टक्क जागी होते," ती सांगत होती. "डोळा लागला की परत तेच दिसायचं. शुक्रवारी हे भुयार बंद होतंय, आणि गुंडीला पलीकडे जायची एकच रीत माहितीय. आणि ती मीच शिकवलीय गं, मीच!"

गुंडी म्हणजे तिची पोर. ही रीत काय आणि ती का शिकवावी लागली, हे सांगायचं तर जन्मापासून सुरुवात करायला हवी. जन्म काही फार अभिमानानं सांगण्यासारखा नाही.

इथे आधी साधा रस्ता होता म्हणे. मी ऐकलेलं सांगतोय, तेव्हा मी नव्हतो, नुसती माती होती. अलीकडे घरं, पलीकडे घरं. चुलीवर दूध ठेवून बाई पलीकडच्या मैत्रिणीशी दोन शब्द बोलायला जायची आणि दूध उतू जायच्या आत परत यायची. मग कुणीतरी नकाशावर एक जाड रेघ ओढली. लांबच्या माणसांना लांबच्या ठिकाणी लवकर पोचायचं होतं. रस्ता रुंद झाला, मध्ये सिमेंटचा कठडा आला, दोन्ही कडेला लोखंडी जाळ्या आल्या. वस्ती मधोमध चिरली गेली. आणि सगळं झाल्यावर कुणाला तरी आठवलं की अरे, इथली माणसं रस्ता ओलांडतात!

मी म्हणजे ती मागाहून आठवलेली गोष्ट.

उद्घाटनाला एक मोठे गृहस्थ आले. फीत कापली. अर्ध्या पायऱ्या उतरले, फोटो झाला, टाळ्या झाल्या. ते वळून पुन्हा वर गेले आणि पलीकडच्या मंडपात जायला त्यांनी गाडी काढली. मी नवा होतो, माझ्या फरशांना चुन्याचा वास होता. तेव्हाच मला पहिल्यांदा मळमळलं.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार होणार होता, तो पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा पुढेच राहिला. पावसाचं सगळं पाणी वरच्या डांबरावरून वाहत माझ्यात यायचं, कारण डांबर पाणी पीत नाही. ते उपसायला पंप बसवला होता. तो थोडे दिवस गुरगुरला आणि गप्प झाला. पंपवाले म्हणाले, वीजवाले बघतील. वीजवाले म्हणाले, पंपवाले बघतील. पाणी बिचारं दोघांची वाट बघत बसून राहिलं. हिरवं होऊन.

आणि मग ते सुरू झालं.

पहिला गृहस्थ मला अजून आठवतो. कडक इस्त्रीचे कपडे, हातात छानशी बॅग. त्यानं मागेपुढे पाहिलं, घसा खाकरला, जणू भाषणच करणार आहे, आणि माझ्या नव्याकोऱ्या कोपऱ्यात धार सोडली. दुसऱ्या दिवशी तोच गृहस्थ नाकाला रुमाल लावून उतरला आणि बरोबरच्याला म्हणाला, "लाजच सोडलीय लोकांनी."

त्यानंतर मोजदाद संपली. थुंकणारे आले, उष्टं टाकणारे आले, गाडीतल्या कचऱ्याची पिशवी वरूनच भिरकावणारे आले. रात्रीचे दिवे आधी फुटले, मग चोरीला गेले, मग दिव्यांच्या जाळ्याही गेल्या. एकदा काही उत्साही मंडळी रंगाचे डबे घेऊन आली आणि माझ्या भिंतींवर फुलपाखरं काढून गेली. खालची ओल तशीच, वर फुलपाखरं! वर्षभरात त्यांचे पंख पोपडे होऊन गळाले. एका फुलपाखराचं तर नुसतं हसू उरलं होतं. घाणीपेक्षा त्या हसण्याची मला जास्त शिसारी यायची.

पण सगळ्यात किळसवाणी गोष्ट वेगळीच. अलीकडची माणसं म्हणायची, "ही घाण पलीकडच्यांची. त्यांना सवयच आहे." पलीकडची माणसं म्हणायची, "अलीकडचे येऊन करतात. आपल्यात कोणी असं नाही." ज्यांच्या आया एकमेकींच्या अंगणात वाढल्या होत्या, ती माणसं आता एकमेकांना नुसत्या वासानं ओळखायला लागली. खरं काय ते मला ठाऊक होतं. मी दोन्हीकडच्यांना ओळखतो. चेहऱ्यानं नव्हे.

यातूनच ती रीत निघाली. कुणी काढली कोण जाणे, पण दोन्ही बाजूंनी तिला एकच नाव पडलं. बुडी. शेवटच्या पायरीवर थांबायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, नाक चिमटीत धरायचं आणि दुसऱ्या टोकाच्या पायऱ्या येईपर्यंत सुसाट सुटायचं. पलीकडच्या पायरीवर तोंडानं 'फुऽऽ' करून श्वास सोडायचा. म्हातारे अर्ध्यात खोकायचे. नवी लग्न होऊन आलेली मुलगी पहिल्या दिवशी हसायची, दुसऱ्या दिवशी तीही बुडी मारायची. वस्तीच्या मधून जाताना माणसं श्वास रोखतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

आता ती बाई. तिचं घर अलीकडे, माहेर पलीकडे. माहेरची खिडकी तिच्या बाल्कनीतून समोर दिसायची, पण मध्ये मी. नवरा पहाटेच बेकरीत भट्टीवर जायचा, त्यामुळे रोज सकाळी पोरीचा हात धरून माझ्यातून जाणं तिच्या वाट्याला. पोरीला आपल्या आईकडे सोडायचं आणि तिथून जवळच चष्म्याच्या दुकानात कामाला जायचं. डोळे तपासायच्या खुर्चीशी उभं राहून "डोळा उघडा ठेवा, मिटू नका" असं लोकांना सांगणं, हे तिचं काम.

आणि माझ्या शेवटच्या पायरीवर ती स्वतःच्या पोरीला सांगायची, "डोळे मीट. नाक धर. मी म्हटलं की पळ."

डोळे मिटणं ही तिची स्वतःची भर. एकदा माझ्या हिरव्या पाण्यात एक मेलेली घूस फुगून तरंगत होती. पोरीनं ती पाहिली आणि आठवडाभर जेवली नाही. तेव्हापासून डोळेसुद्धा मिटायचे.

पोर साडेचार वर्षांची. गुंडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. रांगत होती तेव्हा बापाच्या शर्टाची गुंडी गिळली. ती बाहेर पडेपर्यंत तिच्या आईनं काय काय तपासलं ते मी सांगत नाही, माझ्याकडे तसल्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण तेव्हापासून घरीदारी गुंडीच.

आई मोठी काळजीखोर. मुलं वाढवण्यावरची पुस्तकं वाचलेली, आणि प्रत्येक पुस्तकानंतर काळजी दुप्पट झालेली. एकदा माझ्या पायरीवरून तिनं डॉक्टरांनाच फोन लावला होता.

"डॉक्टर, श्वास रोखल्यानं मेंदूला काही होत नाही ना?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"हो, पण रोज दोनदा."

पुन्हा उत्तर.

"आणि सर्दी असेल तेव्हा?"

तिकडून फोन ठेवला गेला असावा.  ती स्वतःशीच म्हणाली, "मूर्खच आहे मी," आणि छाती भरून श्वास घेतला.

पलीकडच्या तोंडाशी पोरीची आजी उभी असायची. शाळेत शिपाई म्हणून उभा जन्म काढलेला. आवाज असा की घंटा नसती तरी शाळा भरली असती. गुडघे गेल्यापासून ती माझ्या पायऱ्या उतरलीच नव्हती, म्हणजे लेकीच्या घरीही गेली नव्हती. लेकीचा संसार तिनं खिडकीतूनच पाहिला. संध्याकाळी लेक घरी पोचली की बाल्कनीतून पिवळा टॉवेल हलवायची. आजी खिडकीतून झाडणीचं फडकं हलवायची. झालं, माय-लेकींची भेट.

सकाळी मात्र आजी वरून ओरडायची, "आलात का गं बाहेर?"

"फुऽऽ!" गुंडी उत्तर द्यायची.

इतक्या वर्षांत मला कुणी काही चांगलं दिलं असेल तर तो त्या पोरीचा पायरीवर सोडलेला श्वास. बाकी सगळं तुम्हाला सांगितलंच.

मग एक दिवस हातात मोजायची टेप घेतलेली एक बाई माझ्यात उतरली. शहराच्या रस्त्यांचं काम बघणारी. बरोबर एक साहेब. साहेबांनी नाक धरलं होतं. तिनं धरलं नव्हतं, त्यामुळे ती अर्ध्यातच भिंतीला टेकून भडाभडा ओकली. तोंड पुसून म्हणाली, "माणसं रोज जातात इथून? लेकरं घेऊन?"

"मग? सोय केलीय ना," साहेब चिमटीतूनच बोलले.

"साहेब, तुम्ही बोलताय तेसुद्धा नाक धरून!"

तिला सगळे टेपवाली म्हणायला लागले. तिनं दोन्हीकडच्यांना एका शेडमध्ये बसवलं. आधी अर्थातच भांडणं झाली, कोण घाण करतं यावर. तिनं ती होऊ दिली. मग म्हणाली, "भुयार कितीही धुतलं तरी माणसांनी जमिनीखालून का जायचं? गाड्यांनी हळू जावं." आणि खरोखर काम सुरू झालं. मोठे ट्रक गावाबाहेरच्या रस्त्यानं वळवले. माझ्या डोक्यावरचा रस्ता अर्ध्यावर आणला. सुटलेल्या जागेत मातीचे पट्टे, त्यात झाडं. पाणी आता माझ्यात न येता त्या मातीत मुरायला लागलं. मधल्या सिमेंटच्या कठड्याचे तुकडे करून त्यांचे बाक केले. आणि ओलांडायच्या जागी रस्ताच उचलून फूटपाथच्या पातळीला आणला, म्हणजे चढायचं गाडीनं, माणसानं सरळ चालायचं.

मला वाटलं, चला, संपलं एकदाचं. पण माणसं सवयीची किती गुलाम असतात ते मला त्या सोमवारी कळलं.

सोमवारी ओलांडायची जागा खुली झाली. ती बाई पोरीचा हात धरून माझ्या पायऱ्यांपर्यंत आली, आणि मग मोठ्या ऐटीत मला टाळून पुढे गेली. "आजपासून वरून जायचं हं गुंडी," असं म्हणत पिशवीत काहीतरी शोधायला तिनं क्षणभर हात सोडला. पोरीनं समोर आजीची खिडकी पाहिली. पलीकडे जायचंय ना? तिनं छाती भरून श्वास घेतला, नाक चिमटीत धरलं, डोळे गच्च मिटले आणि सुटली.

सिग्नल गाड्यांचा होता. बस येत होती. रस्ता चढाचा होता म्हणून ती सावकाश येत होती, नाहीतर हे मी सांगू शकलो नसतो. ब्रेक किंचाळले. आईनं पोरीच्या पाठीवरची पिशवी धरून तिला मागे ओढलं आणि दोघी माझ्या कठड्याशी आदळल्या.

बसवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "ओ ताई! डोळे मिटून पळतेय ती! शिकवलंय काय पोरीला?"

 शिकवलं होतं, तेच तर दुखणं होतं.

"मी बुडी मारली," गुंडी रडकुंडीला येऊन म्हणाली. "तू का नाही मारलीस?"

 आईनं पोरीला उचललं आणि पुन्हा माझ्यात उतरली. सगळी वस्ती वरून, मोकळ्या हवेत जात होती आणि या दोघी तेवढ्या माझ्या घाणीतून. मंगळवारी तेच. टेपवाली तिला पायऱ्यांवर भेटली.

"ताई, तुम्ही अजून खालून?"

"हे भुयार बुजवू नका ना," ही म्हणाली. "थोडे दिवस."

"अहो, या भुयाराला सगळ्यांत जास्त नावं तुम्हीच ठेवली होतीत मीटिंगमध्ये!"

"ठेवली होती. अजूनही ठेवते. पण इथे बस नाही येत."

ते ऐकून मला स्वतःचीच इतकी किळस आली की काय सांगू. घाण सहन केली होती, शिव्या सहन केल्या होत्या. पण कुणाला मी हवाहवासा वाटावा? एका आईला मोकळ्या रस्त्यापेक्षा हे डबकं बरं वाटावं? मी नुसता घाणेरडा नव्हतो तर. माणसांना डोळे मिटून जगायची सवय लावली होती मी, आणि ती सवय माझ्यामागे राहणार होती. रस्ते आखणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, पुन्हा कुठे माझ्यासारखा बांधू नका. आधी खड्ड्यात उतरवायचं आणि मग त्याला सोय म्हणायचं, हे पुरे झालं.

बुधवारी सकाळी तिनं आपल्या आईला फोन केला, तोच तो न झोपलेल्या रात्रीनंतरचा. आजीचा आवाज फोनबाहेर सांडत होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"शुक्रवारी मी येते तिला न्यायला."

"तू? अगं, तूच म्हणाली होतीस ना, आधी बाकीचे मरू देत, मग मी बघीन रस्त्याचं!"

"म्हणाले असेन. भीती काय तुलाच वाटते?"

"आणि गुडघे?"

"त्यांना पायऱ्यांचं वावडं आहे. सपाटीचं नाही. ठेव आता, चहा उतू चाललाय."

शुक्रवारी अलीकडच्या तोंडाशी डंपर लागला. वरच्या रस्त्याचंच उखडून भरडलेलं डांबर आणि खडी. इतकी वर्षं जो डोक्यावर बसला होता, तो पोटात यायला लागला. आत धुरळा झाला. फुलपाखराचं ते हसू पहिल्या ढिगाखालीच गेलं. मला बरं वाटलं.

तेवढ्यात वर काठीचा ठोका ऐकू आला. माझ्या छताला मधोमध हवेसाठी एक जाळी आहे, तिथून मला वरचं दिसतं आणि ऐकू येतं. आजी येत होती. रस्त्याला वर्गातल्या मस्तीखोर पोरासारखं दटावत, कडेला थांबलेल्या बसकडे ढुंकूनही न बघता. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"आई, तू खरंच आलीस!"

"मग काय फोटो पाठवू? आण ती पोर इकडे."

आजीनं गुंडीचा हात धरला. सिग्नल माणसांचा झाला. गुंडीनं छाती भरली, नाक धरलं, डोळे मिटले आणि जोरात पुढे झेप घेतली. पण आजीचा हात जागचा हलला नाही.

"पळायचं ना?" ती चिमटीतून म्हणाली आणि घाईघाईनं पुन्हा श्वास भरून घेतला.

"माझे गुडघे पळाले तर पळ."

आजीचं एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. गुंडीचे गाल फुगलेले. मागून आईचा जीव टांगणीला. "गुंडी, नाक सोड गं राणी. डोळे उघड."

"तू गप्प बस," आजी म्हणाली. "तिचं तिला कळेल."

बरोबर माझ्या जाळीवर, रस्त्याच्या मधल्या बाकाशी, आजी थांबली. "बसू जरा. दम लागला."

आधी ती चाल आणि त्यावर ही बैठक! एवढा वेळ श्वास कुणाला रोखता येतो? गुंडी लाल झाली, मग जांभळी झाली, आणि मग भर रस्त्यात, उजेडात, "फुऽऽ!" तो श्वास जाळीतून खाली आला. तिनं डोळे उघडले. इकडे तिच्या बाल्कनीतला पिवळा टॉवेल, तिकडे आजीची खिडकी. दोन्ही घरं तिनं एकदम कधी पाहिलीच नव्हती. तिनं हवा हुंगली. पुन्हा हुंगली. समोर तोच सोमवारचा बसवाला थांबला होता. तिनं त्याला हात दाखवून बजावलं, "थांब हं, आजी बसलीय." आणि उरलेला रस्ता तिनं टक्क उघड्या डोळ्यांनी, दोन्हीकडे बघत, आजीला ओढत पार केला.

पलीकडे, माझ्या न बुजवलेल्या तोंडाशी, आई गुडघ्यांवर बसली. डोळे भरून आले होते. पोर आता काहीतरी लाखमोलाचं बोलेल आणि ते आपण सगळ्यांना सांगू, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"काय गं, कसं वाटलं?"

"आई, शू आली. खूप."

आईचा चेहरा उतरला. तिनं आजीच्या घराकडे पाहिलं, पोरीच्या आवळलेल्या पायांकडे पाहिलं, आणि मग हळूच माझ्याकडे पाहिलं.

"बरं, इथेच पायरीवर बस पटकन," ती कुजबुजली. "कुणी बघत नाहीये. बुजवणारच आहेत आज."

तीसुद्धा! शेवटच्या दिवशी, तीसुद्धा!

गुंडी माझ्या पायऱ्यांशी आली. खाली वाकून तिनं माझ्यात पाहिलं. त्या घुशीनंतर उघड्या डोळ्यांनी ती मला पहिल्यांदाच बघत होती. मग नाक मुरडून ती मागे सरकली.

"शी! इथे नाही. आजीच्या घरी," ती म्हणाली. "मला रोखून धरता येतं."